त्याच जागी रोज जाऊ नका

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन आठवडे मगर गाजतेय. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात आमचं गाव. घाटासमोरच्या मळीत नऊ-दहा फुटी मगर ऊन खात पडलेली कुणीतरी मोबाइलवर टिपली आणि त्या अठरा सेकंदांवरून घरात दोन तट पडले. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, म्हणतो की धरा आणि न्या कुठंतरी लांब. पुण्यातला भाचा म्हणतो की नदी मगरीचीच आहे, माणसांनी तिच्या घरात शिरू नये. आणि दोघंही मला साक्षीला ओढतात, कारण मी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहरात राहतो आणि दर दुसऱ्या शनिवारी मगरींच्या नदीवर मासे धरायला जातो.

दादाचा व्हॉइस मेसेज: "तुमच्याकडं कसं, दिसली की सरकार उचलून नेतंय. आमच्याकडं नुसता पंचनामा." भाच्याचा लगेच खाली: "मामा, सांगा ना यांना, ऑस्ट्रेलियात लोक मगरींसोबत कसे राहतात ते." दोघांचाही ऑस्ट्रेलिया आपापल्या सोयीचा. माझाही असेल, पण निदान मी इथं भाडं भरतो.

तेव्हा आधी दादाचं बघू. इथं उचलून नेतात, खरं आहे. पण ते डार्विनच्या बंदरात आणि शहराच्या आसपास, जिथं पोरं पोहतात. तिथं सापळे लावलेले असतात, आत मांस, आणि वर्षाला शेकड्यांनी मगरी सापडतात. त्या नेऊन दुसऱ्या नदीत सोडत नाहीत, दादा. त्या मगरींच्या फार्मवर जातात, आणि तिथून पुढं त्यांचं काय होतं ते तुला पर्सच्या दुकानात कळेल. दुसरीकडं का सोडत नाहीत, याचंही कारण आहे. क्वीन्सलँडमध्ये केप यॉर्कला संशोधकांनी तीन मगरींना ट्रान्समीटर लावून हेलिकॉप्टरनं लांब नेऊन सोडलं. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले: तिन्ही परत. त्यातली एक तर द्वीपकल्पाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर सोडली होती. काही काळ तिथंच घुटमळली, मग निघाली, आणि टोकाला वळसा घालून २० दिवसांत ४०० किलोमीटरपेक्षा जास्त पोहून आपल्या नदीत हजर. त्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी, आपली कृष्णेतली वेगळी, मान्य. पण लांब सोडली म्हणजे प्रश्न मिटला, असं कुणी सांगितलं तर त्याला ही गोष्ट ऐकव.

आणि शहराबाहेर? शहराबाहेर नुसता बोर्ड. पिवळा, जबडा उघडलेला. काठापासून पाच मीटर लांब उभे राहा, पाण्याजवळ मासे साफ करू नका, हात-पाय बोटीच्या आत ठेवा. इथल्या सरकारनं १९७१ मध्ये मगरींना संरक्षण दिलं तेव्हा शिकारीपायी सगळ्या नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विनच्या प्रांतात, जेमतेम ३,००० उरल्या होत्या. आज त्या लाखाच्या घरात आहेत आणि माणसं अडीच लाख. म्हणजे माझ्या घरातल्या चौघांच्या वाट्याला दीडेक मगर येते. इथंही माणूस गेला की "मारून टाका सगळ्या" ही हाळी उठतेच, मंत्री टीव्हीवर येतात, धरायच्या मगरींचे आकडे वाढवायचं बोलतात. आपल्यासारखंच. फक्त पंचनाम्याचा फॉर्म ऑनलाइन आहे.

आता शनिवारचं सांगतो, कारण ग्रुपवर लिहिलं असतं तर दादानं ते त्याच्या बाजूनं वापरलं असतं आणि भाच्यानं त्याच्या.

रन-ऑफचे, म्हणजे पावसाळा संपताना पूरमैदानातलं पाणी नदीत उतरायचे दिवस. शेडी कॅम्पच्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला आमची टिनी, म्हणजे पत्र्याची छोटी बोट, मी आणि ऑफिसातला एक फिलिपिनो मित्र. एस्कीत, म्हणजे बर्फाच्या पेटीत, दोन बारामंडी मासे पडलेले, तिसरा लागला तो चांगला हातभर लांब. बारामंडी लागला की आधी पाण्याबाहेर उसळतो, डोकं झटकतो, ती झटक मनगटापर्यंत येते. तीन उड्या मारून दमला, मी रीळ गुंडाळत बोटीशी आणला. मित्र जाळी घेऊन वाकला आणि तेवढ्यात दोरी एकदम जड झाली. ओढ नव्हती, नुसतं वजन. विहिरीत बादली कपारीला अडकते तसं. बोटीपासून दोन हातांवर गढूळ पाणी हळूच फुगलं, त्यातून दोन डोळे आणि पाठीवरच्या खवल्यांची रांग वर आली, आणि माझा मासा तिच्या तोंडात आडवा. ती आमच्याकडं बघतही नव्हती. तिनं मान एकदाच फिरवली. दोरी सैल झाली. वर आलं ते नुसतं डोकं, कल्ल्याच्या मागं करवतीनं कापल्यासारखं, ओठात ल्युअर, म्हणजे गळाचा नकली मासा, तसाच, आणि कल्ले अजून उघडझाप करत होते.

मित्र हसला, "टॅक्स," म्हणाला. इथं सगळे हेच म्हणतात. मीही हसलो. मग खाली बसलो, कारण आमची बोट पावणेचार मीटरची आणि ती शेपटी पाण्याबाहेर कुठं संपली ते मी पाहिलं होतं.

आणि पहिली गोष्ट काय आठवली असेल, तर आजोबा. आजोबा बैलांना पाण्यावर नेत तेव्हा आत उतरायच्या आधी काठीनं पाणी तीनदा बडवायचे. सुसर बाजूला होते म्हणायचे. आमच्याकडं मगरीला सुसरच म्हणतात. पुस्तकातली लांब तोंडाची सुसर वेगळी हे मला कॉलेजात कळलं. इथं कुणी असं पाणी बडवलं तर चारजण ओरडतील. पाण्यावर चपचप झाली की मगर दूर जात नाही, ती बघायला येते. मला हे ग्रुपवर लिहायची फार सुरसुरी आली होती. 'आपले लोक अडाणीपणानं काय करतात बघा' असा सूर त्याला आपोआप लागला, ते वाचून मी खोडून टाकलं. मागे एकदा प्लास्टिकच्या पिशव्यांवरून असंच लिहिलं होतं, तेव्हा वहिनींनी एकच ओळ टाकली होती: "भावजी, तुमच्याकडची हवा चांगली दिसतेय."

भाच्याचं मला जास्त टोचतं, हे कबूल करतो. दादा चुकतो ते भीतीपोटी, आणि भीती खरी आहे; कृष्णेकाठची माणसं मगरीनं ओढून नेलेली आहेत, ती आमच्या माहितीतल्या गावांतली होती. भाचा चुकतो तो कोथरूडमध्ये बसून. "मामा, तिचा अधिवास आहे तो." आहे ना. मगर मुळात मासेखाऊ, मळीच्या कडेला बीळ करून राहते, उन्हाळ्यात काठावर अंडी घालते आणि तेव्हा जरा चिडकी होते. नेमकी तेव्हाच नदी आटते आणि माणूस आणि मगर एकाच डोहावर येतात. वाळू उपसून काठ कुणी ढासळवले ते दादालाही माहीत आहे, त्यातले दोघं त्याच्या वर्गात होते. १९७२च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या ओळीत. बरोबरच आहे. माणूस गेल्यावर भरपाई मिळायच्या यादीतही तिचं नाव आहे. पण 'माणसांनी जाऊ नये' हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्याच्या घरी नळाला चोवीस तास पाणी असतं, हे मी इतकी वर्षं बघत आलोय. माझ्याही घरी असतं.

मध्येच एक सांगतो. त्याच शनिवारी परतताना पूरमैदानात पंचवीस-तीस म्हशी दिसल्या. रानटी. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी आणल्या, सोडून दिल्या, वाढल्या. आता सरकारच्या लेखी त्या उपद्रवी प्राणी, हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालतात. मित्रानं यूट, म्हणजे मागं उघडी गाडी, थांबवून फोटो काढला, "वाइल्डलाइफ!" म्हणाला. मी म्हशीला वाइल्डलाइफ म्हणायला तयार नाही. चिखलात मानेपर्यंत बसलेली, कानावर माश्या, पाठीवर बगळा. मी खिडकी खाली करून "हुर्र, हुर्र" केलं. एकीनंही मान वळवली नाही.

तर मुद्दा. काही वर्षांपूर्वी काकाडूच्या अभयारण्यात, नदी ओलांडायच्या केहिल्स क्रॉसिंगला गेलो होतो. भरतीला तिथं रस्त्यावरून पाणी येतं, पाण्याबरोबर बोय मासे, त्यांच्यामागं बारामंडी, आणि बारामंडींसाठी मगरी ओळीनं तोंड उघडून उभ्या, रेशनच्या दुकानासारख्या. नदीचं नाव ईस्ट ॲलिगेटर; नाव ठेवणाऱ्या साहेबाला मगर आणि ॲलिगेटर यांतला फरक कळला नव्हता, तेव्हा दादा, सुसर-मगर घोळ फक्त आपलाच नाही. तिथं काठापासून बरीच मागं एक म्हातारी बसली होती, तिथल्या मूळ लोकांपैकी, हातात रॉड नाही, नुसती प्लास्टिकच्या चकतीला गुंडाळलेली दोरी. दोन मासे धरले की उठायची, तीस-चाळीस पावलं सरकायची, पुन्हा बसायची. मी विचारलं, इथं लागत होते की. ती म्हणाली, मगर बघत असते. एकदा बघते, दोनदा बघते. तिसऱ्यांदा तू त्याच जागी आलास की तिला तुझी वेळ पाठ झालेली असते.

नंतर बोर्डावरही तेच सापडलं, सरकारी भाषेत: पाण्याकाठी त्याच जागी, त्याच वेळी रोज जाऊ नका.

मी हे वाक्य उचललं आणि ग्रुपवर टाकलं. दादाला आणि भाच्याला एकदमच गप्प करता येईल असं वाटलं. मगरही राहील, माणूसही राहील, शिस्त पाहिजे फक्त. अगदी ऐटीत टाकलं. दोन तासांनी दादाचा मेसेज आला. या वेळी आवाज चढलेला नव्हता.

"अरे, लाइट रात्री येतीय. मोटार एका जागी. पाणी खाली गेलं की फुटबॉलमध्ये कचरा अडकतोय, मग आत उतरून काढावा लागतोय. रोज कुठं दुसरीकडं जाऊ?"

फुटबॉल म्हणजे फूटव्हॉल्व्ह, मोटारीच्या पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप. हे भाच्याला समजावून सांगावं लागलं, मला नाही, एवढंच माझं समाधान. दादाची जागा पंजोबांपासून तीच आहे. घाट तोच, मोटार तीच, सातबारा तोच. त्या म्हातारीचा सल्ला मला पाळता येतो, कारण माझ्याकडं टिनी आहे, यूट आहे, पुढच्या शनिवारी मी डेली नदीवर जाईन. डार्विनमध्ये मला रोज जावंच लागेल अशी पाण्यावरची एकही जागा नाही. अठरा वर्षांत झाली नाही. ती ४०० किलोमीटर पोहून गेलेली मगर मी दोन-तीन समारंभांत लोकांना मोठ्या कौतुकानं सांगितली आहे. त्या वेळी कुणी उलट विचारलं नाही ते बरंच झालं.

गेल्या डिसेंबरात गावी होतो. वहिनी गोधड्या घेऊन घाटावर निघाल्या; नळाखाली गोधडी धुता येत नाही आणि घरच्या मशिनीत ती मावत नाही. मी मागोमाग गेलो. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर आलो आणि पाय आपोआप थांबले. डोळ्यांनी अंतर मोजलं, पाच मीटर, जरा जास्तच. पलीकडची मळी, शेवाळ, तरंगती जलपर्णी, एखादं लाकूड लाकूडच आहे ना, सगळं नजरेखालून घातलं. दहा वर्षांचा होईपर्यंत मी याच पायरीवरून सूर मारत होतो आणि गळाला गांडूळ लावून चिलापी धरत होतो.

"या की खाली, भावजी," वहिनी म्हणाल्या. "पायऱ्या गार आहेत."

"नको, इथंच बरंय. ऊन आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत. भिंतीला टेकवून ठेवलेली काठी घेतली, दोन पायऱ्या उतरल्या आणि पाणी बडवलं. एक, दोन, तीन. मग पदर खोचला आणि पहिली गोधडी पाण्यात सोडली.