ताटातलं नाव, ड्राइव्हचं नाव

जुलै आला की सांगलीत सगळ्यांचा डोळा कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर. पाणी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. मी पडलो सोसायटीचा खजिनदार, त्यामुळं माझी धोक्याची पातळी वेगळी: ३१ जुलै. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ऑडिट झालंच पाहिजे, असं सहकार कायदा म्हणतो.

२०१९च्या पुरात गावभागातल्या आमच्या सोसायटीच्या पावत्यांचा लगदा झाला. तेव्हापासून प्रत्येक पावती स्कॅन करून पोर्टेबल हार्ड डिस्कवर ठेवतो. एक्सेलमध्ये नोंदवही केलीय. पावती क्रमांकावर क्लिक केलं की पावती उघडते. म्हणजे घरी उघडते. विश्रामबागला ऑडिटरांकडं नाही उघडत.

कारण घरी त्या डिस्कला विंडोज 'ई' म्हणतं आणि ऑडिटरांकडं 'एच'. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात ना, तसं हिचं दर घरी बारसं. आणि नोंदवहीत प्रत्येक पावतीचा पत्ता 'ई'नंच सुरू होतो, त्यामुळं एक्सेल बसलंय माहेरच्या नावानं हाका मारत. पुढचं जे अक्षर मोकळं असेल ते द्यायचं, एवढंच विंडोजला कळतं. 'ए' आणि 'बी' फ्लॉपीचे. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, तरी मोजणी अजून 'सी'पासूनच! ऑडिटरांच्या 'ई'वर त्यांचा टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, आणि पुढची दोन अक्षरं कार्ड रीडरनं अडवलेली. कार्ड एकाही खाचेत नाही, बरं का.

"काका, ई काढून एच टाकू की, त्यात काय!" तिथला आर्टिकलशिपचा, म्हणजे शिकाऊ सीए पोरगा म्हणाला. कंट्रोल एच, म्हणजे 'शोधा आणि बदला'. 'ई'च्या जागी 'एच'. "अरे, कोलन आणि तिरकी रेघपण घे," असं मी म्हणेपर्यंत त्यानं रिप्लेस ऑल दाबलंसुद्धा. फॉर्म्युल्याचं नाव हायपरलिंक, आणि इंग्रजीत त्याच्या पोटातही एक ई असतो. त्याचं झालं 'हायफर्लिंक'. अख्ख्या रकान्यात '#नेम?', '#नेम?', '#नेम?'. पोरगा म्हणतो, "काका, हे नाव विचारतंय." कंट्रोल झेड, केलेलं रद्द.

मग डिस्क मॅनेजमेंट. तिथं जाऊन डिस्कला हवं ते अक्षर देता येतं, आणि तो कॉम्प्युटर पुढंही ते लक्षात ठेवतो. पण त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. पासवर्ड ज्याला ठाऊक, तो हार्डवेअरवाला गेलेला मिरजेला. आणि तो असता तरी काय, 'ई'वरून टॅलीला कोण उठवणार? लांबचं 'पी' दिलं असतं, तर घरीही 'पी'च करा आणि वर सगळे पत्ते बदला.

शेवटी पत्त्यातलं अक्षरच उडवलं. नोंदवही आणि पावत्यांचा फोल्डर शेजारीशेजारी असले की फॉर्म्युल्यात फोल्डरचं आणि फाइलचं नाव पुरतं. नोंदवही जिथं असेल तिथूनच एक्सेल शोधायला लागतं. माउस मी माझ्याकडं घेतला. 'फाइंड'मध्ये ई, कोलन, तिरकी रेघ, सोसायटी, तिरकी रेघ. 'रिप्लेस'मध्ये काहीच नाही.

ऑडिटरांनी स्वतः क्लिक केलं. पाण्याच्या टँकरची पावती उघडली. आडवी. त्यांनी मान खांद्याला टेकवून ती अक्षर न् अक्षर वाचली.

"सगळ्या अशाच आहेत का हो?"

"नाही नाही," मी म्हणालो, "काही उलट्या आहेत."