बातमी आणि गजाल

आमच्याकडे बातमी वेगळी आणि गजाल वेगळी. गजाल, म्हणजे गप्पा, पारावर होते, उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीला होते, गाडीची वाट बघताना तर होतेच होते. तिला डोकं नसतं, शेपूट नसतं, आणि ती संपली असं कोणी जाहीर करत नाही. बातमीचं तसं नाही. ती कोणीतरी बसून लिहावी लागते. आमच्या शाळेत तो कोणीतरी मी.

जूनच्या पहिल्या शिक्षकसभेत वर्षभराच्या कामांची वाटणी होते. क्रीडा, सहल, परीक्षा, पोषण आहार, वृक्षारोपण. वृक्षारोपण हुशार माणसं आधीच धरतात, कारण झाडं तक्रार करत नाहीत. मी गाडी चुकल्यामुळे उशिरा पोचलो, तेव्हा फक्त ‘प्रसिद्धी’ उरली होती. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमची सासुरवाडी पोंभुर्ल्याकडची ना? मग झालं तर!"

देवगड तालुक्यातलं पोंभुर्लं म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत ‘दर्पण’ काढलं, म्हणून त्या तारखेला राज्यभर पत्रकार दिन. पानावर एका अंगाला इंग्रजी मजकूर, दुसऱ्या अंगाला मराठी. वय उणंपुरं विशीतलं. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी शिकवलंही. थोडक्यात, मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढणारा माणूस गावाने आमच्या जिल्ह्यातला आणि पेशाने मास्तर. त्यांनी हौसेने केलं, ते आम्ही एकशे नव्वद वर्षांनंतरही निस्तरतोय. माझी सासुरवाडी पोंभुर्ल्यापासून चांगली दोन डोंगर पलीकडे आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर सभा पाण्याच्या टाकीवर गेली होती. आमच्याकडची सभा एकदा टाकीवर गेली की खाली उतरत नाही.

प्रसिद्धीप्रमुखाचं पहिलं काम परिपाठातल्या बातम्या. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग बातम्या. यातल्या बाकी सगळ्या गोष्टी कायम तयार असतात. बातम्यांना मात्र पेपर लागतो. पेपरचा गठ्ठा महामार्गावरच्या तिठ्यावर उतरतो आणि तिथून सकाळच्या गाडीने गावात येतो. त्यामुळे निम्मे दिवस परिपाठाला पोरगं हात हलवत उभं. "सर, पेपर इलोच नाय." का नाय? "गाडी इली नाय." गाडी का नाही आली, हीच खरं तर त्या दिवशीची गावातली सर्वांत मोठी बातमी असते. पण ती पेपरात छापून आलेली नसल्यामुळे परिपाठात वाचता येत नाही.

मी तोड काढली. आकाशवाणीच्या सात दहाच्या बातम्या ऐकायच्या आणि त्यातल्या चार लिहून आणायच्या. रेडिओ कोणाकडेच उरलेला नाही, तेव्हा मोबाइलवर ऐकायच्या. मोबाइलला रेंज सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळमाथ्यावर. सकाळी सातला सड्यावर जाणारी मुलं इतर कामासाठी जायची आणि ते उरकून बातम्या ऐकायची. तरी बरं चाललं होतं. आठवीतला एक पोरगा तर फारच उत्तम वाचायचा. आवाज खणखणीत, कागदाकडे बघणं नाही, शेवटी ‘बातम्या संपल्या’ म्हणताना किंचित मान झुकवणं.

जुलैत एक दिवस पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की प्रतिज्ञेतले सारे भारतीय माझे बांधव आहेत हेसुद्धा नीट ऐकू येईना. पोरगा पुढे आला. "हवामान खात्याने सिंधुदुर्ग जिल्ह्याला उद्या रेड अलर्ट दिला असून, जिल्हाधिकाऱ्यांनी सर्व शाळांना सुट्टी जाहीर केली आहे. बातम्या संपल्या." मान झुकली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. पटांगणात एक पोर नाही. पोर सोडा, दोन शिक्षकही आले नाहीत. खिचडीवाल्या ताई पातेलं घेऊन उभ्या, शिपाईमामांनी सवयीने घंटा दिलेली, आणि ती ऐकायला मुख्याध्यापक नि मी. तिसऱ्या दिवशी पोराला बोलावलं. बातमी मिळाली कुठे?

"गेल्या वर्षीचो आदेश मोबाइलात होतो, सर. तारीख तेवढी मी बदललंय."

मुख्याध्यापकांनी त्याला दरडावलं, मग माझ्याकडे वळले. माझी चूक मला कळली होती. त्या वाक्यात ‘असून’ होतं. आठवीतलं पोर आपल्या मनाने ‘असून’ वापरतं का कधी? मराठीच्या शिक्षकाला तिथेच संशय यायला हवा होता.

दुसरं काम शाळेच्या बातम्या बाहेर पाठवण्याचं. याच्या तुलनेत परिपाठ म्हणजे सुख. दहावीला मी बातमीलेखन शिकवतो. काय घडलं, कुठे, केव्हा, कोणी, का, कसं, महत्त्वाचं आधी. शाळेची बातमी लिहायला बसलो की यातलं एक ‘कोणी’ तेवढं उरतं. अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, दीपप्रज्वलन कोणी केलं, प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार. व्यासपीठावर नऊ खुर्च्या म्हणजे नऊ नावं, हुद्द्यासकट, आणि क्रम चुकला तर वर्षभर चहा नाही. वार्ताहर म्हणतो, "सर, शंभर शब्दांत बसवा." एकदा मोजलं. शंभरातले एकाहत्तर शब्द नावं आणि हुद्दे. उरलेल्या एकोणतीसमध्ये शाल, श्रीफळ आणि ‘मोठ्या उत्साहात’. वक्तृत्व स्पर्धेत मुलं काय बोलली याला जागाच नव्हती.

या वार्ताहराचं झेरॉक्सचं दुकान आहे. भला माणूस. फक्त प्रत्येक बातमीच्या शेवटी म्हणतो, "सव्वीस जानेवारीच्या जाहिरातीचं तेवढं बघा."

एका वर्षी त्यानेच जागा कमी म्हणून शेवटची चार नावं उडवली आणि ‘आदी मान्यवर उपस्थित होते’ असं छापलं. उडालेल्या चारांत संस्थेचे खजिनदार होते. पेपर गावात आला साडेदहाला, खजिनदार शाळेत आले पावणेअकराला. हातात पेपर, त्यावर बोट.

"गुरुजी, माजा नाव खय गेला?"

म्हटलं, काका, ते ‘आदी’मध्ये आलं.

"आदी? पंचवीस वर्षां खजिनदार असंय मी. आणि आता आदी?"

त्या वर्षीचे खडू खजिनदारांच्या सहीशिवाय येणार नव्हते. आम्ही दोन महिने जपून लिहिलं.

पण कळस झाला तो निकालाच्या वेळी. कोकणचं स्वतंत्र विभागीय मंडळ झाल्यापासून दहावीत कोकण पहिलं, हे आता पावसाळ्याइतकं ठरलेलं. २०२४ साली तर विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला. एवढ्या निकालात नापास होऊन दाखवणारा मुलगा हीच खरी बातमी, पण त्याचा सत्कार करायचा म्हटलं तर अध्यक्ष मिळत नाही. आमच्या शाळेचा शंभर टक्के होता. मी बातमी पाठवली, पहिल्या आलेल्या मुलाचा मुख्याध्यापकांसोबतचा फोटो पाठवला, आडवा, वार्ताहराच्या सांगण्याप्रमाणे. नावं दोनदा तपासली. खजिनदार दुसऱ्या क्रमांकावर.

बातमी आली. शब्द न शब्द बरोबर. मात्र फोटोत एक गृहस्थ मांडीएवढ्या भल्या थोरल्या फणसाला मिठी मारून उभे, आणि खाली ओळ: ‘९४ टक्के गुण मिळवून शाळेत पहिला आलेला विद्यार्थी, सोबत मुख्याध्यापक.’ पान उलटलं. आतल्या पानावर आमचा पोरगा आणि मुख्याध्यापक हसत उभे होते. खाली: ‘तब्बल ३२ किलो वजन. पाहण्यासाठी ग्रामस्थांची गर्दी.’

मुलाच्या आईने ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं. फणसाचं नव्हे, मुलाचं. ओळ आहे तशीच आहे. मुख्याध्यापकांना आम्ही काही विचारलं नाही, पण त्यानंतर ते भात जरा कमी घेऊ लागले, असं खिचडीवाल्या ताईंचं निरीक्षण.

मग मुख्याध्यापकांच्या डोक्यात आलं की पत्रकार दिनी आपलंच पत्र काढावं. भित्तिपत्रक. पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर जुना फळा होता, त्याला कापड लावलं, वर ठळक अक्षरांत ‘ज्ञानदर्पण’. त्यात संतांची माहिती, पाण्याचं महत्त्व आणि दोन सुविचार अपेक्षित होते. मुलांना मी, काय झालं होतं कोण जाणे, फळ्यावर सहा प्रश्न लिहून दिले आणि म्हटलं, जे डोळ्यांनी बघाल ते लिहा. आठवड्यात ‘ज्ञानदर्पण’चं नाव पोरांनी ‘गजालींचो फळो’ करून टाकलं.

त्यातल्या काही माझ्याकडे जपून ठेवल्यात. सातवीतली एक: ‘काल दुपारी अडीच वाजता आमच्या वर्गात वांदर शिरला. भूगोल चालू होता. वांदर टेबलावर चढला. सर खुर्चीवर चढले. वांदराने नकाशा पाहिला व तो गेला.’ पाचवीतली: ‘विहिरीवरची मोटर परत जळाली. कारण विचारता शिपाईमामा म्हणाले, माका काय ठावक.’ खिचडीबद्दल रोजचं वार्तापत्र असायचं, त्यात वाटाण्यांची मोजदाद असायची. एका मुलीने मुख्याध्यापकांच्या छत्रीच्या तुटलेल्या काडीवर चार दिवस पाठपुरावा केला. पाचव्या दिवशी नवी छत्री आली, तीही बातमी झाली.

आणि लोक वाचायला येऊ लागले. पालकसभेला न फिरकणारी माणसं बाजाराला जाता जाता टाकीपाशी थांबायची. खजिनदार आले, चष्मा पुसून वांदर दोनदा वाचला आणि विचारलं, "ह्या कोणी लिवल्यान?" मी मुलाचं नाव सांगितलं. "बरा लिवल्यान. ह्येच्यात कोणाचा नाव घालूचा लागत नाय."

जूनमध्ये शाळा भरली आणि नववीतल्या एका मुलीने चार ओळी लावल्या. ‘आठवीत आम्ही पंधरा होतो. नववीत अकरा आहोत. एक विरार, एक नालासोपारा, दोघे दिव्याला गेले. तिकडे एका वर्गात सत्तर मुले बसतात असे समजते. आमच्याकडे चार बाके रिकामी आहेत.’

मुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं, दार लोटलं. हे काढा. का? "संचमान्यता आहे पुढे, पटावर शिक्षकांची पदं ठरतात. पट कमी झाला हे वर कळलं तर एक पोस्ट जाईल. तुमची नाहीतर माझी." म्हटलं, सर, पट तर पोर्टलवर आपणच भरतो, गेल्या आठवड्यात तुम्ही आणि मीच सड्यावर रेंज धरून भरला. वर सगळं आधीच कळलंय. ते जरा गप्प बसले. मग म्हणाले, "वर कळू दे हो. टाकीवर नको." मी काढलं. मुलीने कारण विचारलं, तर मी शिपाईमामांचंच उत्तर दिलं.

विरारला गेलेला एक म्हणजे तो रेड अलर्टवाला. तो गेल्यापासून परिपाठातल्या बातम्या ऐकवत नाहीत. हल्लीचा मुलगा प्रत्येक बातमीच्या आधी ‘म्हणजे’ म्हणतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी फळ्यावर एक कागद दिसला. मोबाइलवर आलेला मजकूर कोणीतरी वहीच्या पानावर उतरवून काढला होता. ‘विरार, ता. ८ (आमच्या खास वार्ताहराकडून). येथे काल रेड अलर्ट होता. हा खरा होता. शाळेला सुट्टी मिळाली असून, खोलीत आम्ही सहा जण असल्यामुळे सुट्टीचा उपयोग झाला नाही. इथे परिपाठ मायकवर होतो. मला अजून बातम्या दिल्या नाहीत. आमच्या शाळेत मोटर लागली का ते कळवावे.’

मी मागे उभा होतो आणि पुढे मुख्याध्यापक. त्यांनी एकदा वाचलं, खिशातून लाल पेन काढलं आणि ‘सुट्टी’ला खरं तर एकच ‘ट’ असावा की काय असा विचार करत पेन हवेत धरून थांबले. मग पेन परत खिशात गेलं. खालच्या कोपऱ्यातली टाचणी काढून त्यांनी कागद वर, मधोमध लावला, सुविचाराच्याही वर.

"त्याला मोटरचं कळवा," ते म्हणाले. ऑफिसच्या दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि खाली एक ओळ टाका. मुख्याध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली. नाव पूर्ण घाला हो. आदी नको."