वूफरची अर्थिंगची पिन कापू नका

मागच्या रविवारी सांगलीला मामांकडे गेलो होतो. टीव्हीच्या कपाटावर चाव्यांच्या वाटीत पितळेचा एक तुकडा पडलेला दिसला. बोटाच्या पेराएवढा, एका टोकाला हॅक्सॉ ब्लेडचे ओरखडे. वूफरच्या तीन पिनी प्लगची वरची जाड पिन होती ती. "अरे, त्या मेसेजमध्ये सांगितलंय तसं केलं. घूं घूं एकदम बंद झाली बघ," मामा खुशीत म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला.

तो मेसेज तुमच्याही घरच्या ग्रुपवर फिरला असेल. 'कॉम्प्युटरचे जुने 5.1 स्पीकर भंगारात देऊ नका, डीव्हीडी प्लेअरला जोडा, शंभर रुपयांत थिएटर' अशी त्याची सुरुवात. (5.1 म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक वूफर, प्रत्येकाचा आवाज वेगळा.) पुढे सल्ले. प्लेअरच्या लाल-पांढऱ्या जॅकला वाय-जोड (एका जॅकचे फाटे करणारा जोड) लावा आणि स्पीकरच्या तिन्ही पिना त्यात घाला, खरा 5.1 मिळतो. प्लेअरमागे नारिंगी जॅक असेल तर कन्व्हर्टर लावून स्पीकरची नारिंगी पिन त्यात घाला, रंगाला रंग जुळला की झालं. घूं घूं आली तर अर्थिंगची पिन कापा. डिकोडर (डिस्कवरच्या डिजिटल आवाजाचे सहा भाग वेगळे काढणारं यंत्र) वगैरे सगळी दुकानदारांची लूट. आणि वायर सोन्याचा मुलामा दिलेलीच घ्या.

क्रम सोडून आधी पिनेचंच सांगतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर आवाज बिघडेल. हिने माणूस जाईल.

वूफरच्या खोक्यात 230 व्होल्ट येतात. आतली एखादी वायर सुटून मागच्या पत्र्याला टेकली किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं, की पत्र्यावर फेज येते. अर्थिंग धड असेल तर तो करंट त्या जाड पिनेतून निघून जातो, आणि इतका मोठा जातो की एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडतो नाहीतर फ्यूज उडतो. आपल्याला कळतं की काहीतरी बिघडलंय. पिनच नसेल तर काहीच घडत नाही. लाल दिवा लागलेला, गाणं चालू, आणि पत्र्यात 230 व्होल्ट. कोणाचा तरी हात लागेपर्यंत कळणार नाही.

हे वूफरपुरतंही राहत नाही. ऑडिओ वायरीची बाहेरची जाळी एका टोकाला वूफरच्या सर्किटला आणि सहसा पत्र्यालाही जोडलेली असते, दुसऱ्या टोकाला डीव्हीडी प्लेअरला. प्लेअरमधून पिवळी वायर टीव्हीला, टीव्हीतून सेट-टॉप बॉक्सला. म्हणजे बिघाड वूफरमध्ये आणि झटका प्लेअरला हात लावणाऱ्याला. मामी रोज सकाळी ओल्या फडक्याने ते कपाट पुसतात, प्लेअरवरची धूळही त्याच फडक्याने. घराचं वायरिंग जुनं, मीटरपाशी आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, नाही. ज्यांच्याकडे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे त्यांचा जीव बहुधा वाचेल, पण तोही माणसातून करंट गेल्यावरच पडणार.

मी टेस्टर काढून वूफरच्या मागच्या स्क्रूला लावला. बारीक लाल उजेड दिसला. मामा म्हणाले, "एवढ्याने काय होतं?" एवढ्याने काही होत नाही हे खरं, ती किरकोळ गळती आहे. पण तिला जायला वाट राहिलेली नाही, हेच तो उजेड सांगत होता. ती पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते? सॉकेटमध्ये सगळ्यात आधी तिने जुळावं आणि सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून. आणि नेमकी तीच कापायला सांगतात!

घूं घूं मात्र खरंच थांबते, हे मान्य करावं लागतं. म्हणून तर लोक विश्वास ठेवतात. ती येते कुठून ते बघा. केबलवाल्याची वायर खांबावरून, गच्चीवरून येते आणि तिची जाळी कुठेतरी जमिनीला टेकलेली असते. वूफर आपल्या बोर्डाच्या अर्थिंगला. दोन अर्थिंगमध्ये थोडा फरक असतोच, आणि टीव्ही, प्लेअर, ऑडिओ वायर असं कडं पूर्ण झालं की 50 हर्ट्झचा करंट त्या जाळीतून फिरतो. तोच वूफरमधून ऐकू येतो. पिन कापली की कडं तुटतं. पण ते तोडायला सुरक्षित जागा असताना सुरक्षेच्या वायरीवर ब्लेड कशाला?

मी आधी प्लग बदलला. घूं घूं परत आली. मग सेट-टॉप बॉक्समधून केबलची वायर उपसली, तर एका क्षणात शांतता. दोष कुठे होता ते कळलं. केबलच्या वायरीत बसणारा छोटा आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन जाळीतला करंट अडवणारा) मिळतो, तो लावला आणि विषय संपला. ऑडिओच्या वायरीत बसणारा, आत इवले ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटरही चालतो. प्लेअर, टीव्ही आणि वूफर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले तरी कधी कधी फरक पडतो.

आता नारिंगीला नारिंगी. याच्याइतका बिनडोक सल्ला मी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता. स्पीकरच्या तीन पिनांमध्ये हिरवी पुढच्या दोन स्पीकरची, काळी मागच्या दोघांची, आणि नारिंगी सेंटर (मधला स्पीकर) व वूफरची. तिन्ही साध्या ॲनालॉग, म्हणजे थेट आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या. प्लेअरमागचा नारिंगी जॅक म्हणजे कोअ‍ॅक्सिअल डिजिटल आउट. त्यातून आवाज बाहेर पडतच नाही, आकडे पडतात, सेकंदाला तीसेक लाख बिट. वूफरच्या ॲम्प्लिफायरला त्यातलं काही कळत नाही. ऐकू येते शांतता, फार तर बारीक सूं. मग माणूस काय करतो? आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवतो. आणि तसंच ठेवून पिन लाल-पांढऱ्यात घालतो. मामांच्या मागच्या डाव्या स्पीकरचा कागद असाच फाटला. तो वाजायला लागला की आता चर्रर्र येतं.

वाय-जोडाचा मुद्दा त्यामानाने निरुपद्रवी, पण 'खरा 5.1' हे धादांत खोटं आहे. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल आवाज असेल तर डिस्कवर सहा चॅनल, म्हणजे एकेका स्पीकरचा आवाज, वेगळे असू शकतात. लाल-पांढऱ्यातून बाहेर पडताना प्लेअर त्यांचे दोन करतो. हे कसं करायचं ते एटीएससीच्या ए/52 या मानकात लिहिलेलं आहे. एटीएससी म्हणजे अमेरिकेतल्या डिजिटल टीव्हीची मानकं ठरवणारी संस्था. हे मानक 1995 साली आलं आणि आज कोणालाही फुकट वाचता येतं. सेंटरचा आवाज, म्हणजे मुख्यतः संवाद, 0.707 ने गुणून डाव्या आणि उजव्या दोन्हीत मिसळतात, 0.595 आणि 0.5 असेही पर्याय आहेत. धडामधुडुमचा वेगळा एलएफई चॅनल असतो, तो या मिसळीत सहसा घेतलाच जात नाही. एकदा कालवलेला वरणभात पुन्हा वरण आणि भात होत नाही. वाय-जोड तेच दोन चॅनल तीन ठिकाणी वाटतो. सेंटरला फक्त डावा जातो, वूफरला फक्त उजवा. मागच्या स्पीकरमधूनही संवाद येतात. मामांची तक्रार हीच होती: "माणसं पडद्यावर आणि बोलतात माझ्या मानेमागून."

त्याने काही जळत नाही, हेही सांगून टाकतो. खोली भरून आवाज हवा असेल तर खुशाल लावा. आणि स्पीकर भंगारात देऊ नका, हा एक सल्ला तेवढा बरोबर आहे. ॲम्प्लिफायर वूफरमध्येच असतो, त्यामुळे ते प्लेअरला थेट जोडता येतात.

खरा 5.1 हवा तर प्लेअरच्या मागे बघा. काही प्लेअरना सहा वेगळे जॅक असतात: एफएल, एफआर (पुढचे डावा-उजवा), एसएल, एसआर (मागचे डावा-उजवा), सेंटर, सबवूफर. अशा प्लेअरच्या आतच डिकोडर असतो. दोन आरसीएची (लाल-पांढऱ्यासारख्या पिना) एक 3.5 मिमी (हेडफोनसारखी) करणाऱ्या तीन वायरी घ्या, हिरवी एफएल-एफआरला, काळी एसएल-एसआरला, नारिंगी उरलेल्या दोघांना. मग मेनूत जाऊन डाउनमिक्स (सहाचे दोन करणं) बंद करा किंवा 5.1 निवडा, हे राहिलं तर वायरी बरोबर असूनही मागचे स्पीकर मुके राहतात. काही सेटमध्ये सेंटर आणि वूफर उलटे असतात. वूफरमधून संवादांची नुसती पुटपुट आली आणि सेंटर गप्प बसला तर त्या दोन पिनांची अदलाबदल करा. सहा जॅक नसतील तर नारिंगी किंवा ऑप्टिकल (उजेडाने डिजिटल आवाज नेणाऱ्या) आउटला वेगळा डिकोडर लावावा लागतो. त्याला लूट म्हणणाऱ्याने सहा चॅनल दुसरीकडून कुठून आणायचे तेही सांगावं. सोन्याच्या मुलाम्याने गंज लागत नाही, बाकी काही नाही.

मामांच्या बाबतीत तर हा सगळा खटाटोप करायची गरजच नव्हती. त्यांच्या कपाटातल्या बहुतेक डिस्क मराठी नाटकांच्या व्हीसीडी. व्हीसीडीवर आवाज असतो दोन चॅनलचा, 224 किलोबिटचा. तिसरा चॅनल त्या डिस्कवर नाहीच, तो कोणत्याही वायरीने येणार नाही. मी हिरवी पिन लाल-पांढऱ्याला जोडली, पुढचे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले आणि मागचे काढून घेतले. नाटकातली माणसं परत रंगमंचावर आली. मामींना पहिल्यांदाच सगळे शब्द कळले.

ज्यांनी मेसेज वाचून पिन कापली असेल त्यांनी आज, आत्ता, तो प्लग बोर्डातून काढून ठेवा. 6 अँपिअरचा तीन पिनी प्लग कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. स्वतःला जमत नसेल तर वायरमनला बोलवा, आणि तो आलाच आहे तर बोर्डाच्या अर्थिंगच्या भोकात खरोखर अर्थिंग आहे का तेही तपासून घ्या. मामांच्या त्या बोर्डात ते होतं. बेडरूमच्या बोर्डात नव्हतं.