खुलासा : ‘संशयकल्लोळ’ नुसतं हसवणारं नाटक नाही

सोलापुरातल्या हौशी नाट्यमंडळींच्या जुन्या प्रयोगांची एक यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. तीत ‘संशयकल्लोळ’ आणि ‘अंमलदार’ नुसत्या विनोदी रकान्यात टाकून, ‘अभिजात साहित्य इथं रंगमंचावर आलंच नाही’ असं ठोकून दिलंय. हे साफ चूक आहे. नाटककार गो. ब. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’चं मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० च्या प्रहसनापर्यंत जातं, आधी ते ‘फाल्गुनराव’ या नावानं गद्यात होतं, पदांसह १९१६ मध्ये आलं. एका तसबिरीवरून पेटणारा फाल्गुनराव-कृत्तिका या नवरा-बायकोचा संशय टायमिंग जरा हुकलं की पडतो; हौशी नटाचा कस तिथंच लागतो. पुलंचं ‘अंमलदार’ तर रशियन लेखक गोगोलच्या १८३६ च्या नाटकावरून घेतलेलं. यादी पुढं पाठवणाऱ्यांनी ही दोन्ही नावं अभिजात रकान्यातही लिहावीत.