‘नवा जन्म नाही, तर प्रार्थना नको’: हे कुणी ठरवलं?

परवा रात्री भाचीने एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिची एकच ओळ: ‘मामा, मग मी थांबवू का?’

ती काही महिने बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं पुस्तक, वाचतेय, सावकाश, पेन्सिलीने खुणा करत. आपला विश्वास बसलाय की नाही, हे तिचं तिलाच अजून सांगता येत नाही. झोपण्याआधी दोन मिनिटं प्रार्थना करते, एवढंच. आणि फॉरवर्ड सांगतो: नवा जन्म (म्हणजे पुनर्जन्म नव्हे, देवाने माणसाला आतून नवं करणं) झाल्याशिवाय देवाला शोधता येत नाही, मेलेला माणूस शोधत नसतो, पित्याने ओढल्याशिवाय कुणी येत नाही, आणि नवा जन्म न झालेल्याची प्रार्थना हा देवाचा अपमान आहे, म्हणून तोवर गप्प बसा. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. देव शोधायचा नाही, दहा जण मात्र शोधायचे!

पहिला दाखला रोमकरांस पत्र ३:११, ‘देवाचा शोध करणारा कोणी नाही’. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने हे जुन्या करारातल्या १४व्या स्तोत्रातून घेतलंय. तिथे बोलणं चाललंय ते ‘देव नाही’ म्हणणाऱ्यांबद्दल, लोकांना भाकरीसारखं खाणाऱ्यांबद्दल. आणि पुढच्याच कडव्यात देव नीतिमानांबरोबर आहे असंही आहे. पौल ते सगळ्या माणसांना लावतो, हे मान्य. पण तोच पौल अथेन्सला अरियपग नावाच्या सभास्थानी, मूर्ती पूजणाऱ्यांसमोर उभा राहून म्हणतो, की माणसांनी चाचपडत का होईना आपल्याला शोधावं म्हणूनच देवाने त्यांना वसवलं, आणि तो कुणापासूनही दूर नाही (कृत्ये १७, म्हणजे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात). फॉरवर्डवाला तिथे असता तर पौलालाच गप्प बसवता.

मेलेला माणूस शोधत नाही म्हणे. मग तो पापही करत नसणार. इफिसकरांस पत्रात ‘तुम्ही मृत होता’ याच्या पुढचेच शब्द वाचा: त्या पापांत तुम्ही चालत होता. चालणारं मढं! उपमा आहे ती, शवविच्छेदनाचा अहवाल नव्हे.

पित्याने ओढल्याशिवाय कोणी येत नाही (योहान ६:४४), हे मात्र खरं, आणि कुरकुरत का होईना कबूल करतो. सुरुवात देवाकडून होते, माणसाच्या हुशारीने नाही; इ.स. ५२९च्या ऑरेंजच्या (आजच्या फ्रान्समधल्या) धर्मसभेने हेच ठासून सांगितलं. पण ओढला जाणारा माणूस दिसतो कसा? पुस्तक उघडतो, प्रश्न विचारतो, रात्री दोन मिनिटं डोळे मिटतो. सुरुवात कोणी केली हा एक प्रश्न, तू काय करावंस हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्यावर बंदी घालायचा हा उद्योग आहे.

आता तो अपमानाचा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

आधार दिलाय योहान ९:३१चा, ‘देव पाप्यांचं ऐकत नाही’. हे येशू म्हणत नाही. डोळे मिळालेला आंधळा परूश्यांशी, म्हणजे कर्मठ यहुदी धर्मपुढाऱ्यांशी, हुज्जत घालताना म्हणतो. आता कृत्ये १० काढा. कैसरियातला कर्नेल्य, रोमी शतपती. दुपारी तीनच्या सुमाराला देवदूत येऊन सांगतो, तुझ्या प्रार्थना आणि दानधर्म देवापुढे पोचलेत. यावर ठरलेलं उत्तर येतं: त्याचा नवा जन्म आधीच झाला असणार. मग ११:१४ वाचा. देवदूताने सांगितलेलं असतं, की पेत्र (येशूचा शिष्य) येईल आणि ज्या वचनांनी तुझं तारण, म्हणजे पापातून सुटका, होईल ती तुला सांगेल. होईल! भविष्यकाळ आहे. आणि पवित्र आत्मा उतरतो तो पेत्र घरात उभा राहून बोलत असताना, आधी नाही. प्रार्थना वर पोचली, तारण नंतर आलं. या क्रमात अपमान कुठे बसतो ते मला दाखवा.

एवढ्याने भागत नसेल तर कृत्ये ८. पवित्र आत्मा देण्याचा अधिकार पैशाने विकत मागणारा शिमोन. पेत्र त्याला तोंडावर सांगतो, तुझं मन देवापुढे सरळ नाही. आणि लगेच काय म्हणतो? पश्चात्ताप कर आणि प्रभूला विनंती कर. ‘थांब’ म्हणत नाही.

राहिलं फॉरवर्डने मिरवलेलं ‘हीच खरी सुधारित शिकवण’ हे बिरुद; सुधारित म्हणजे कॅल्विनच्या वळणाची प्रोटेस्टंट परंपरा. त्या परंपरेतल्या नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सभेने (१६१८-१९) पहिल्याच प्रकरणाच्या सोळाव्या कलमात म्हटलंय, की जिवंत विश्वास अजून ठामपणे जाणवत नसला तरी घाबरू नये, देवाने नेमलेली साधनं नेटाने वापरत राहावं. निवडीच्या, म्हणजे कुणाला तारायचं हे देवच ठरवतो या शिकवणीच्या, बाबतीत याहून कडक सभा शोधून सापडणार नाही, आणि तीही गप्प बसवत नाही.

भाचीला यातलं काहीच पाठवलं नाही. ‘थांबवू नकोस, कृत्ये १० वाच’ एवढंच लिहिलं. सकाळी तिचा मेसेज होता: ‘मामा, कर्नेल्य प्रार्थनेत नेमकं काय म्हणत असेल?’

ते लिहिलेलं नाही, असं कळवलं.