गळा चोळून थायरॉईड बरा होत नाही

परवा कऱ्हाडला मावशीकडे गेले होते. खिडकीत थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली जशीच्या तशी, शेजारी वाटीत कोमट तेल. "अगं, एकवीस दिवस झाले गोळी सोडून, काही झालं नाही," म्हणत तिने भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज दाखवला. सार असं: गळ्याच्या दोन्ही बाजू जोर लावून चोळा, नस मोकळी होऊन ग्रंथी सुधारते, गोळीने ग्रंथी आळशी होते, बंद करा, आयोडीनचं मीठ सोडून सैंधव खा, धण्याचं पाणी प्या, ऑपरेशन केलं की आवाज कायमचा जातो.

मावशी ६८ वर्षांची आहे. तिच्या मानेवरचे लाल वळ पाहिले आणि गप्प बसवेना.

आधी चोळण्याबद्दल. मेसेजमधल्या चित्रातले बाण जबड्याच्या जरा खाली, मानेच्या दोन्ही अंगांना आहेत. थायरॉईड ग्रंथी बसते गळ्याच्या खालच्या भागात, श्वासनलिकेला समोरून बिलगून. फुलपाखरासारखी, साधारण २० ग्रॅमची. श्वासनलिकेला चिकटलेली असल्यामुळे गिळताना ती वर सरकते, म्हणून तर डॉक्टर मान तपासताना पाण्याचा घोट घ्यायला लावतात. बाण दाखवलेत तिथे कॅरोटिड धमनीला दोन फाटे फुटतात. त्या फाट्याशी रक्तदाबावर नजर ठेवणारी जागा आहे. ती दाबली की दाब वाढल्याचा निरोप मेंदूला जातो, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, माणूस चक्कर येऊन पडू शकतो. उतारवयात याच धमनीत चरबीचे थर साचलेले असतात. त्यातला कण सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. डॉक्टरांना ही जागा दाबायची वेळ आली, तर ते ईसीजी लावून, एका वेळी एकच बाजू, काही सेकंद दाबतात. मावशी दोन्ही बाजू एकदम, दहा-दहा मिनिटं चोळत होती. दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. 'चक्कर आली तर समजा विष बाहेर पडतंय' असं मेसेजात लिहिलेलं, म्हणून तिने कुणाला सांगितलंसुद्धा नाही! हे लिहिणाऱ्याला काय म्हणावं?

आणि मोकळी कुठली नस करायची? मावशीच्या ग्रंथीला रक्त कमी पडत नाही. तिच्याच शरीराच्या प्रतिकारशक्तीने ती पोखरली आहे, आणि गेलेल्या पेशी तेलाने उगवत नाहीत.

'काही झालं नाही' याचंही कारण आहे. या गोळीतलं औषध रक्तात निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, म्हणून सोडल्याचा परिणाम हळूहळू दिसतो. तो दिसूही लागला होता: चेहरा सुजलेला, बोलणं संथ, दुपारभर झोप. तिने ते वयावर ढकललं.

ग्रंथी आळशी होते यात अर्धं सत्य आहे. निरोगी माणसाने ही गोळी घेतली तर त्याची ग्रंथी काम कमी करते. पण जिची ग्रंथीच निकामी झाली तिला ग्रंथीत बनणाऱ्या हार्मोनचा बाहेरून पुरवठा हवाच. १८९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. आजाराने ती पार मंदावली होती. बाहेरून मिळणाऱ्या थायरॉईडवर ती पुढे २८ वर्षं जगली.

आवाजाची भीती अगदीच खोटी नाही, हे मान्य करावं लागेल. स्वरयंत्राची नस ग्रंथीच्या मागून जाते. डावीकडची तर छातीत महाधमनीला वळसा घालून परत वर येते. तिला इजा झाली तर आवाज घोगरा होतो. म्हणून सर्जन आधी ती नस शोधतात, मग ग्रंथी काढतात. आवाज कायमचा जाणं हा क्वचितचा धोका आहे, नियम नव्हे. शिवाय मावशीला ऑपरेशन सांगितलंय कुणी?

मिठाचं थोडक्यात: हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासात आयोडीनच्या मिठाने गलगंड, म्हणजे थायरॉईड फुगून गळ्याला येणारी सूज, घटला. साध्या सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं. धण्याचं पाणी खुशाल प्या, पण गोळी घेतल्यावर तासाभराने, आणि गोळीच्या बदली नाही.

मी तिथूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी सुरू झाली, सहा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करायचीय. त्या ग्रुपवर आणखी दोघी गोळी सोडून बसल्यात. हे त्यांच्यासाठी लिहिलंय. मावशी आजच तिथे टाकणार आहे.