खिसा असेल तर बोला

कपड्यांच्या बाबतीत माझ्या फारशा अटी नाहीत. खिसा हवा, एवढंच. पण या एका अटीपायी मी जितक्या लोकांशी भांडले आहे, तितकी राजकारणावरूनही भांडले नसेन.

कपडे घ्यायला गेलं की लोक रंग बघतात, कापड चुरगाळून बघतात, मग हळूच किंमत बघतात. मी दोन्ही हातांनी कंबर चाचपत उभी असते. विकणाऱ्याला वाटतं, बाईंचं काहीतरी हरवलंय. हरवलेलंच असतं. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं : शिवण आहे, फ्लॅप आहे, फ्लॅपवर बटणसुद्धा आहे. बोट घालायला जावं तर आत काहीच नाही. फ्लॅपचा खर्च परवडला, बटणाचा परवडला, आणि नेमकं आतल्या वीतभर अस्तरापाशी येऊन कंपनीचं दिवाळं निघालं, यावर मी कसा विश्वास ठेवायचा?

माझ्या भाचीचं असं नाही. तिची रुची ऋतूप्रमाणे बदलते. ऋतू म्हणजे खिडकीबाहेरचा नव्हे, रॅम्पवरचा. सप्टेंबरात न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस अशी फॅशन वीकची वारी निघते आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचे कपडे दाखवले जातात. फेब्रुवारी-मार्चात पुन्हा तीच वारी, तेव्हा पुढच्या हिवाळ्याचे. त्यामुळे भाची कायम सहा महिने पुढे राहते. मी घामाघूम होऊन सुती शर्ट शोधत असताना ती बातमी देते, "मावशी, लांब लोकरी कोट येतायत." जणू कोट गाडीत बसलेत आणि कोणीतरी स्टेशनवर घ्यायला जायचंय. विषुववृत्ताजवळच्या माणसाने या वेळापत्रकाचं काय करायचं, हे पॅरिसमध्ये कोणाला विचारावंसं वाटलेलं दिसत नाही.

शो बघताना ती मला शेजारी बसवून घेते. मॉडेल येते, वळते, रागावल्यासारखी परत जाते. भाची सिल्हूट, म्हणजे कपड्याची बाह्याकृती बघते, मी हात बघते. हात नुसते लोंबत असले की समजायचं, खिसे नाहीत. क्वचित एखादी दोन्ही हात खिशात घालून येते, मी "हा घे आपल्याला!" म्हणून ओरडते, आणि नेमका तो ड्रेस आरपार दिसणारा निघतो.

२०२२ च्या पॅरिस फॅशन वीकमध्ये कोपर्नी या फॅशन कंपनीच्या शोत मॉडेल बेला हदीदच्या अंगावर फवाऱ्याने पांढरा द्रव मारला आणि बघता बघता त्याचं कापड झालं. ती तो ड्रेस घालून ऐटीत चालत गेली. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. कमाल होती, मलाही मान्य आहे. पण एवढं फवारलंच होतं, तर जाता जाता एक खिसा फवारायला काय हरकत होती? हे मी बोलून दाखवलं आणि त्या दिवशीचं आमचं संभाषण तिथेच संपलं.

बायकांना खिसे कधी नव्हतेच असंही नाही. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या बायका घेरदार स्कर्टखाली कमरेला नाडीने ऐसपैस खिसे बांधत. किल्ल्या, कात्री, पत्रं, सगळा संसार त्यात मावे. मग अठराव्या शतकाच्या अखेरीस अंगालगतचे सडपातळ गाऊन आले. खिशाचा फुगवटा दिसायला लागला, म्हणून खिसाच काढून टाकला आणि बाईच्या हातात रेटिक्यूल नावाची चिमुकली पिशवी दिली. १९३६ मध्ये फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेलीने चित्रकार साल्वादोर दालीच्या कल्पनेवरून ड्रॉवरसारखे खिसे असलेला सूट केला. आता तरी न्याय मिळाला म्हणावं, तर त्यातलेही काही खिसे खरे आणि काही खोटे!

त्या पिशवीचं पुढे काय झालं, ते तर विचारूच नका. २०१७ मध्ये बॅलेन्सियागा या महागड्या फॅशन कंपनीने दोन हजार डॉलरच्या वर किमतीची एक निळी बॅग आणली, ती हुबेहूब आयकिया या फर्निचरच्या दुकानातल्या ९९ सेंटच्या पिशवीसारखी. ती निदान मोठी होती. २०१९ मध्ये जाकमूस या फ्रेंच ब्रँडच्या मॉडेल जी बॅग घेऊन चालल्या, ती दोन बोटांत धरायची होती. आणि २०२३ मध्ये मिसचीफ नावाच्या अमेरिकी कलाकार मंडळींनी मिठाच्या कणाहून लहान बॅग करून लिलावात विकली. ६३ हजार डॉलरच्या वर गेली. बघायला सूक्ष्मदर्शक लागतो.

"त्यात ठेवतात काय?" मी विचारलं.

"मावशी, त्यात काही ठेवायचं नसतं गं."

मग ठेवायचं कुठे? तर माझ्याकडे. आम्ही दोघी बाहेर पडलो की दारातच भाचीचा फोन, तिच्या किल्ल्या, लिपस्टिक आणि हेडफोन माझ्या जाकिटात येतात. "जरा ठेव ना." मग ती रस्त्याने हात हलवत मोकळी चालते, आणि मी मागून खुळखुळत.

मला रॅम्पपेक्षा रस्ताच आवडतो. रस्त्यावरच्या माणसाला कुठेतरी पोचायचं असतं, पाऊस लागायचा असतो, बसमध्ये दांडा धरायचा असतो. हल्ली शोच्या दाराबाहेर मात्र लोक फोटोसाठीच नटून येतात आणि पलीकडे काही काम नसताना तोच रस्ता पुनःपुन्हा ओलांडतात. ते सोडा. जीन्सचंच बघा. नेवाडातल्या रिनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस कामकऱ्यांच्या पँटचे खिसे फाटू नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट, म्हणजे चपट्या डोक्याचे खिळे ठोकायचा. त्याने आणि कापडाचा व्यापारी लीवाय स्ट्रॉसने मिळून १८७३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे एवढी जगभर पसरलेली पँट, ती मुळात खिशाच्या काळजीतून आली. आणि २०१८ मध्ये द पुडिंग या नियतकालिकाने टेप लावून मोजलं, तर बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल भरले. रिव्हेट तेवढे जागच्या जागी आहेत. राखायला खाली काही उरलेलं नाही.

या सगळ्या मंडळींत मला पटला तो बिल कनिंगहॅम. न्यूयॉर्क टाइम्ससाठी तो कित्येक वर्षं सायकलवरून फिरत रस्त्यावरच्या लोकांचे कपडे टिपायचा. अवतीभोवती एवढी फॅशन, आणि स्वतःच्या अंगात मात्र फ्रेंच कामगारांचं साधं निळं जाकीट, पुढे चांगले मोठे खिसे असलेलं. माझंही त्याच घराण्यातलं आहे. निळं, ढगळ, कोपरांवर विटलेलं, चार खिशांचं. भाची त्याला आजवर "ते" म्हणत आली आहे. "ते घालून येणार आहेस?"

परवा ती खोलीत आली आणि कपाटासमोर उभी राहिली. आवाज एकदम मऊ.

"मावशी, तुझं चोअर जॅकेट कुठे आहे?"

मला आधी कळेचना काय मागतेय. मग तिने फोनवर फोटो दाखवले. कोपरं विटलेली, रंग उडालेला, अंग ढगळ. सगळं माझंच, फक्त आत दुसऱ्या बायका. नवीन घ्यायचं तर विटलेपणाचेही वेगळे पैसे मोजावे लागतात म्हणे. मी दिलं काढून. तिने ते घातलं, कॉलर उभी केली, आरशात पाठ बघितली. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं, हे लिहायला जीव जड होतो.

मग तिने खिशांतलं सगळं काढून टेबलावर मांडलं : चष्मा, किल्ल्या, पेन्सिल, रुमाल, टेप, आणि तिचीच गेल्या हिवाळ्यात हरवलेली लिपस्टिक.

बाहेर दोघींनाच जायचं होतं. माझ्या अंगात तिने निवडून दिलेली पँट होती, अर्थातच सपाट. मी दारात टेबलावरचं सगळं ओंजळीत घेतलं आणि तिच्यापुढे धरलं.

"जरा ठेव ना."

"मावशी!" ती दोन पावलं मागे सरकली. "जॅकेटची लाइन बिघडेल!"